बारीक अंगकाठी, तरी साखर?

प्रश्न : वय 46, उंची साडेपाच फूट, वजन 62 किलो. पोट तेवढं थोडं सुटलंय. तरी साखर सीमारेषेवर आली. असं कसं?

उत्तर : वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! तुमचा बीएमआयही 22 च्या आसपासच आहे, तेव्हा त्यावर विसंबू नका. कमरेचा घेर मोजा. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या वर गेला, तर पोटातली, यकृताभोवतालची चरबी वाढल्याची शंका घ्यावी. ही चरबी साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनला दाद देत नाही.

जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात. ते कमी किंवा दुबळे असले, की ती रक्तातच रेंगाळते. म्हणून नुसतं सकाळचं फिरणं (तेही गप्पा मारत!) पुरणार नाही. आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, भिंतीला टेकून जोर, झेपेल तसं वजन उचलणं सुरू करा. ताटात भात कमी, उसळ-डाळ जास्त. तीन महिन्यांनी एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) तपासून डॉक्टरांना दाखवा.