आधी भार, मग साज

चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचविणारी गाडी घेऊन, मुलाबाळांसह आणि वडीलधाऱ्यांसह हिमालयाच्या दुर्गम मुलखात जाण्याची हौस अलीकडे अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गातही रुजू लागली आहे. परंतु या हौसेपायी जो द्रव्यव्यय होतो, त्यातील फार मोठा भाग लोखंडावर आणि फार थोडा विचारावर होतो, असे अनुभवांती म्हणावेसे वाटते. स्पितीच्या प्रवासासाठी आम्ही जी जुनी गाडी खरेदी केली, तिच्या पूर्वीच्या मालकाने पुढे लोखंडी गार्ड, छतावर वजनदार कॅरिअर, बाजूंना पायऱ्या, रुंद टायर आणि विंच असा सारा साज तिच्यावर चढविलेला होता, आणि पाहणारा प्रत्येक जण ती मोहिमेला सिद्धच आहे असा निर्वाळा देत होता.

हिमालयाआधी मेळघाट पाहावा, या हेतूने आम्ही परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहला गेलो. आत पाच माणसे आणि छतावर सामान अशी गाडी घाटात शिरताच प्रत्येक वळणावर बाहेरच्या अंगाला कलू लागली, उतारावर ब्रेकचा जळका वास येऊ लागला, आणि मागे बसलेल्या आईने घाट संपेपर्यंत दाराची मूठ सोडली नाही. परतीच्या वाटेवर, सपाटीला आल्यानंतर, पुलाच्या कामामुळे रहदारी एका पांदणीतून वळविलेली होती. आदल्या रात्रीच्या पावसाने काळी जमीन भिजलेली होती, हलक्या मोटारी कडेकडेने निघून गेल्या, आणि आमची गाडी मात्र चारही चाके फिरत असताना पोटावर बसली. शेवटी ट्रॅक्टर बोलावून टोचन करावे लागले.

कारणाचा शोध अकोल्यास एका जिनिंगच्या वजनकाट्यावर लागला. कापसाच्या गाड्यांच्या रांगेत उभे राहून, सर्व माणसे आत बसवून आणि सामान जागच्या जागी ठेवून, आम्ही गाडी तोलली, तेव्हा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या कमाल एकूण वजनापेक्षा ती सव्वाशे किलोने अधिक भरली. जो साज सामर्थ्य म्हणून चढविला होता, तोच ओझे होऊन बसला होता. भार वाढला की स्प्रिंग दबतात, जमिनीपासूनची उंची घटते, थांबण्याचे अंतर वाढते, टायर तापतात. आणि वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जात असता तापलेल्या टायरवर जादा भार वाहणे म्हणजे तो फुटण्याची तजवीज करणेच होय. काळ्या मातीतील चिकण खनिजे पाणी शोषून फुगतात आणि टायरच्या खाचा बुजवून टाकतात. खाचा बुजल्यावर दोन चाके फिरली काय आणि चार फिरली काय, गाडी पुढे सरकत नाही. अशा जमिनीत वापसा येईपर्यंत थांबण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की गाडी निवडण्यापूर्वी भाराचा जमाखर्च कागदावर मांडावा. कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केल्यावर जी शिल्लक उरते, तीत माणसे, पाणी, इंधन, तंबू आणि हत्यारे बसली पाहिजेत. पाच माणसांचेच तीनशे किलो होतात. चाळीस लिटर पाण्याचे चाळीस, वीस लिटर डिझेलचे सुमारे सतरा. या हिशेबाने पाहता १९८५ साली आलेली जिप्सी कितीही काटक असली, तरी तिच्या पाट्यांच्या स्प्रिंगवर वृद्ध माणसाला हजार मैल नेणे हा जुलूम ठरतो. जिम्नी हलकी आणि चपळ, पण चार आसनांची, आणि मागची आसने उभी असता तिच्या डिक्कीत २०८ लिटरच जागा. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसणाऱ्याला पुढच्याच दारातून शिरावे लागते. पाच जणांच्या कुटुंबाने २०२४ साली आलेली पाच दारांची थार रॉक्स, त्याच वर्षीची पाच दारांची गुरखा किंवा स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर आवृत्ती यांचा विचार करावा. मात्र घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला मागच्या आसनावर दोन तास बसवून फिरविल्याखेरीज बयाणा देऊ नये.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे, आणि लोखंडी गार्डाविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना स्पष्ट सूचना दिलेल्या आहेत. कारण असा गार्ड पादचाऱ्याला घातक ठरतो आणि धडकेच्या वेळी एअरबॅगच्या कार्यातही व्यत्यय आणू शकतो. आम्ही गार्ड, पायऱ्या, विंच आणि कॅरिअर उतरविले, टायर मूळ मापाचे घातले, आणि सव्वाशे किलोचा प्रश्न बव्हंशी तेथेच निकाली निघाला.

मग खर्च कशावर करावा? प्रथम उत्तम टायर आणि तितकीच उत्तम स्टेपनी. त्यानंतर हवेचा दाब मोजण्याचे मापक आणि बॅटरीवर चालणारा पंप, कारण रेतीत किंवा चिखलात हवा कमी केली तर पक्का रस्ता लागताच ती पुन्हा भरावी लागते. त्यानंतर फावडे, जॅकखाली ठेवण्यास जाड फळी, आणि योग्य क्षमतेचा दोर व शॅकल. दोर गाडीच्या सांगाड्याला दिलेल्या हुकातच अडकवावा, बंपरला कदापि नव्हे, आणि ओढताना मुलांना दूर उभे करावे. जड सामान, बंडी भरणारा शेतकरी पोती आसावर ठेवतो त्याप्रमाणे, खाली आणि चाकांच्या दरम्यान ठेवावे. छतावर केवळ बिछान्यासारख्या हलक्या वस्तू. फोर-व्हीलचा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढू नये. जुन्या धाटणीच्या यंत्रणेत पुढची-मागची चाके एकमेकांशी बांधली जातात आणि वळणावर सारा ताण गिअर व आसांवर येतो.

इंधनाचा साठा नकाशा पाहून ठरवावा. मनालीहून काझा सुमारे दोनशे किलोमीटर आहे आणि काझ्याला पंप आहे, म्हणून स्पितीसाठी भरलेली टाकी पुरते. लेहच्या वाटेची गोष्ट निराळी. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची, त्या वाटेवरील टांडीच्या पंपाची पाटी उगाच प्रसिद्ध झालेली नाही. शिवाय टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर दर हजार मीटर उंचीला सुमारे दशांशाने घटतो. स्पितीच्या वाटेवरील कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरहून उंच असल्याने तेथे जवळजवळ चाळीस टक्के जोर कमी झालेला असतो, आणि घरून नेलेला प्रत्येक अनावश्यक किलो तेव्हा त्या थकल्या इंजिनावरच पडतो.

सारांश, दुकानात जाण्यापूर्वी काट्यावर जावे. पावतीवरचा आकडा मर्यादेच्या आत असेल तर एखादी हौस भागवावी. नसेल तर आधी काय उतरवायचे ते ठरवावे, आणि माणसे सोडून कोणतीही वस्तू उतरविण्यास संकोच करू नये.