आधी उतार, मग चढ

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाच्या पायांना एक हिशेब मुखोद्गत असतो. सकाळी ताज्या दमाने गड चढायचा, दमलो तर अर्ध्या वाटेतून फिरायचं. परतीला उतारच असतो. अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हा हिशेब साफ उलटतो. गाडी थेट कड्यावर जाते. तिथला दक्षिण कडा सुमारे 2,100 मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही वर आहे, आणि कोलोरॅडो नदी जवळजवळ 1,350 मीटर खाली. सकाळच्या गारव्यात, भरल्या पोटी उतार संपतो. चढ सुरू होतो तो भर दुपारी, दमलेल्या पायांनी.

फिनिक्सला आमच्याकडे जूनमध्ये धाकटी बहीण, मेहुणे आणि भाचा पुण्याहून आले होते. शनिवार-रविवार कॅन्यनला जायचं ठरलं. फिनिक्सहून साडेतीन-चार तासांचा रस्ता. भाचा विशीतला, राजगड-तोरणा एका दिवसात करणारा. ब्राइट एंजल वाटेने उतरायला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. दीड मैलावर पहिला निवारा लागतो. तिथून बहीण आणि मी परत फिरलो. भाचा आणि मेहुणे मात्र साडेचार मैलांवरच्या हवासुपाई गार्डन्सपर्यंत गेले. तिथे कॉटनवुडची गर्द झाडी आणि झरा आहे. सव्वानऊशे मीटर उतरूनही भाच्याला दमल्यासारखं वाटेना.

परतीच्या वाटेवर तीन मैलांच्या निवाऱ्याच्या अलीकडे त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. डोकं दुखायला लागलं, मग उलटी झाली. मेहुण्यांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं, त्याला आणखी पाणी पाजलं. ते पाणीही उलटून पडलं. फोनला रेंज नव्हती. आम्ही कड्यावर बसून वळणावर दिसणारा प्रत्येक माणूस न्याहाळत होतो.

तीन मैलांच्या निवाऱ्यापाशी उद्यानाची एक स्वयंसेविका भेटली. तिने त्याला सावलीत बसवलं आणि प्रश्न विचारले: पाणी किती प्यायलास, लघवी कधी झाली, कोणत्या रंगाची होती, खाल्लंस काय? पाणी त्याने सकाळपासून भरपूर प्यायलं होतं. खाल्ला होता एक ग्रॅनोला बार. तिने पाणी थांबवलं, खारी बिस्किटं थोडी थोडी खायला दिली, शर्ट भिजवून पुन्हा अंगात घालायला लावला आणि ऊन उतरेपर्यंत हलू दिलं नाही. अंधार पडता पडता दोघं वर पोचले. त्यानंतर मी तिथल्या रेंजरांशी बोलले आणि दवाखान्यात डॉक्टरांनाही विचारलं. त्यातून जे कळलं ते आपल्या लोकांना कळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

पुण्या-मुंबईच्या दमट हवेत घाम आला की शर्ट चिंब होतो, आपल्याला दिसतो. वाळवंटात तो येता येता उडून जातो. अंग कोरडं राहतं, म्हणून घाम गेलाच नाही असं वाटतं. खूण म्हणून उरतात ते टोपीच्या कडेला आणि दप्तराच्या पट्ट्याखाली उमटलेले मिठाचे पांढरे ओघळ. घामावाटे पाणी जातं तसं मीठही जातं. मग नुसतंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, ग्लानी ही त्याची लक्षणं उष्माघाताच्या सुरुवातीसारखीच दिसतात, म्हणून सोबतचे लोक काळजीने आणखी पाणी पाजतात. माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले तर घरगुती उपाय संपले. लगेच मदत मागवायची. तशी वेळ आमच्यावर आली नाही.

तेव्हा पाणी पिताना खात राहा. खारे शेंगदाणे, चकली, भडंग, लोणचं-पोळी हे आपलं नेहमीचं प्रवासाचं खाणं या वाटेवर उत्तम आहे. गोड वड्यांनी भागत नाही. ओआरएसची पाकिटं घरातल्या प्रत्येकाच्या दप्तरात असू द्या, एकाच्याच नको. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या आईवडिलांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उन्हात उतरू नये. त्या गोळ्यांनीही शरीरातलं पाणी आणि मीठ कमी होतं.

पाय दमण्याची वाट पाहायची नाही, कारण ते दमतात तेव्हा उशीर झालेला असतो. कुठून फिरायचं ते कड्यावरच ठरवा आणि घड्याळ नि पाण्याची बाटली सांगेल तसं वागा. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. एक तृतीयांश पाणी संपलं की कितीही सुंदर वळण पुढे असो, मागे फिरा. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत उन्हाळ्यात खालच्या वाटेवर चालू नका असं उद्यान स्वतःच सांगतं. जूनमध्ये कड्यावर दुपारी 27 अंश असतात तेव्हा तळाशी 38 च्या वर पारा जातो. वरच्या हवेवरून खालचा अंदाज बांधता येत नाही, ही तिथली मोठी फसगत आहे. पहाटे उजाडायच्या आत निघा. वाटेतले नळ चालू आहेत का ते त्याच दिवशी विचारून घ्या. पाणी पुरवणारी जलवाहिनी 1960च्या दशकातली, ती वारंवार फुटते. साउथ कैबाब वाटेवर तर पाणी नाहीच. एकत्र आलेल्या कुटुंबाने वाटेत दोन तुकड्या करू नयेत. केल्याच तर परतीची वेळ ठरवून घ्यावी आणि वेळ टळली की लगेच रेंजरला कळवावं.

जुलै ते सप्टेंबरमध्ये धोका बदलतो. या प्रदेशातल्या अरुंद घळींत दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा येतो, आणि डोक्यावर आभाळ निरभ्र असू शकतं. ऑगस्ट 1997 मध्ये लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात 11 पर्यटक बुडाले. सप्टेंबर 2015 मध्ये झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल घळीत सात जण गेले. रेंजर किंवा वाटाड्या नाही म्हणाला तर वाद घालू नका. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

ज्यांच्याकडे उन्हाळ्यात भारतातून घरची माणसं येतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मे ते सप्टेंबरमध्ये त्यांना कड्यावरची रिम ट्रेल दाखवा. ती बरीचशी सपाट आहे, बसही फिरते. खाली उतरायचंच असेल तर पहाटे, आणि दीड मैलाच्या निवाऱ्यावरून परत. नदीपर्यंत जायची हौस असेल तर एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. थंडीच्या तोंडावरची तारीख धरा आणि तळाशी मुक्कामाचा परवाना आधी काढा.