प्लेट बसवली, मग गुडघा का वाकवायचा?

प्रश्न : गुडघ्याखालचे, सांध्यात शिरलेले फ्रॅक्चर प्लेट-स्क्रूने जोडले आहे. डॉक्टर लगेच गुडघा वाकवायला सांगतात, पण पाय टेकू देत नाहीत. असे उलटसुलट का?

उत्तर : उलटसुलट वाटते खरे, पण वाकवणे वेगळे आणि भार देणे वेगळे. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि त्याला हालचाल लागते. गुडघा आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये राहिला, की आखडतो. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या शल्यचिकित्सकांच्या एओ गटाने पक्क्या जोडणीचा आग्रह धरला, तो लवकर हालचाल करता यावी म्हणूनच. स्क्रू निसटण्याची भीती रास्त आहे, पण तो धोका मुख्यतः उभे राहण्यात. शस्त्रक्रियेत उचलून बसवलेला सांध्याचा पृष्ठभाग अंगाच्या भाराने पुन्हा खचू शकतो. म्हणून साधारण ६ ते १२ आठवडे कुबड्या. वाकवताना थोडे दुखणारच. पोटरी सुजली किंवा जखम पाझरू लागली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.