बालवाचकांसाठी रोगेतिहास : मसूरिकेचा धडा

मुलांना वैद्यकाचा इतिहास सांगताना वैद्याने अभिमानापेक्षा प्रमाणास महत्त्व द्यावे. मसूरिका, म्हणजेच देवी, हे याचे उत्तम उदाहरण होय. सुश्रुतसंहितेत तिची गणना क्षुद्ररोगांत आहे. माधवनिदानात तिला स्वतंत्र अध्याय आहे. मात्र लसीकरणाचा विधी या ग्रंथांत नाही. गाईंना होणाऱ्या देवीच्या द्रवापासून तो एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये इंग्लंडात सिद्ध केला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस भारतातील पहिली यशस्वी लस टोचली गेली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीनिर्मूलन घोषित केले. जे आपले नाही ते आपले म्हटले, तर जे खरोखर आपले आहे त्यावरही उद्या मूल विश्वास ठेवणार नाही.