प्रबळ प्रकाश व सूक्ष्म विहीर

रात्रीं रेवदंड्याच्या खाडींत दोन होड्यांवरील दिव्यांचे झोत एकमेकांस छेदून जातांना पाहा. एकामुळें दुसऱ्याचा रंग पालटत नाहीं किंवा तेजही घटत नाहीं. यावरून प्रकाश प्रकाशास कधींच बाधत नाहीं, असा नियम कोणीही बांधील. परंतु हा नियम मंद प्रकाशापुरताच खरा आहे. पदार्थांतून जाणारा प्रकाश अतिशय प्रबळ झाला कीं, तो त्या पदार्थाचें वर्तनच पालटवितो. मग परिणाम प्रकाशाच्या प्रमाणांत राहत नाहीं. अशा परिणामांस अरेषीय म्हणतात.

१९६० सालीं लेसर सिद्ध झाला. १९६१ सालीं अमेरिकेंत फ्रँकेन व त्यांचे सहकारी यांनीं माणकाच्या लेसरचा तांबडा किरण क्वार्ट्झ स्फटिकांतून सोडला, तेव्हां बाहेर पडलेल्या प्रकाशांत निम्म्या तरंगलांबीच्या अदृश्य किरणाचा अल्प अंश आढळला.

या शास्त्रांत आपल्या महाराष्ट्राचाही वांटा आहे. बारामती येथें १९३८ सालीं जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले कुमार पटेल यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६४ सालीं कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. पुढील वर्षीं त्याचा १०·६ मायक्रॉनचा किरण टेल्यूरियम या अर्धवाहकांतून नेऊन त्यांनीं ५·३ मायक्रॉनचा किरण मिळविला.

त्याच प्रयोगशाळेंत १९७४ सालीं अर्धवाहकांतील 'पुंजविहिरी' प्रकाशाच्या शोषणावरून ओळखल्या गेल्या. गॅलियम आर्सेनाइडचा सुमारें १० नॅनोमीटर जाडीचा थर घ्यावा. असे १ लक्ष थर रचले तर १ मिलिमीटर भरेल. तो योग्य अशा दुसऱ्या अर्धवाहकाच्या दोन थरांमध्यें ठेवला कीं, इलेक्ट्रॉन विहिरींत पडल्यासारखा त्यांत अडकतो. विशिष्ट रंगाचा प्रकाश पडतांच इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, आणि तो व त्याची रिकामी झालेली जागा यांची जोडी बनते. प्रकाश शोषला जातो तो याच कामीं. परंतु विहिरींत अशा जोड्यांना जागा मोजकीच असते. खाचर भरलें कीं पावसाचें उरलेलें पाणी बांधावरून पुढें जातें, त्याप्रमाणें जागा भरल्यावर उरलेला प्रकाश आरपार जातो. म्हणून मंद प्रकाश अडतो व प्रबळ प्रकाशास वाट मिळते. याच गुणाच्या साहाय्यानें लेसरपासून सेकंदाच्या लक्षकोट्यंशाहूनही अल्पकाळ टिकणारे स्पंद मिळवितात.

यास्तव पुस्तकांतील नियम पाठ करतांना तो कोठवर चालतो, हेंही विचारीत जावें. असे प्रश्न विचारण्यास परदेशांतच जन्मावें लागतें, असें मुळींच नाहीं.