पाहुण्याच्या हाती धोटा

छत्रपती संभाजीनगरात महोत्सवांचे दिवस आले की बाहेरून येणाऱ्या कलावंतांना आणि पाहुण्यांना शहर दाखवायला मी हौसेने जातो. बरीच वर्षं झाली. त्यातून जे उमगलं, ते इथे लिहितो आहे.

१. ताट वाढण्याआधी विचारावं.

एका वर्षी अजिंठा बघायला आलेले तैवानचे चौघे बौद्ध उपासक आमच्याकडे जेवायला आले. शाकाहारी आहेत एवढंच मला ठाऊक होतं. भरीत, शेवभाजी, लसणाची चटणी असा बेत केला. पहिला घास तोंडाशी नेऊन त्यांतल्या एक बाई थांबल्या. त्यांच्यातले कडक शाकाहारी कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, हे मला तेव्हा कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र शांतपणे उठली. "अरे, हे तर आपलं नैवेद्याचंच जेवण," म्हणाली आणि कुकर लावला. फोडणीआधी तिने हिंगाची डबी बाईंच्या नाकाशी धरली. त्यांनी मान हलवली. त्यांच्या पाच वर्ज्य पदार्थांच्या जुन्या यादीत हिंगही आहे! मग नुसत्या जिऱ्याची फोडणी दिलेलं वरण, भात, बटाट्याची भाजी आणि तव्यावरून थेट ताटात पडणाऱ्या पोळ्या. बाईंनी वरणभात आईसारखाच हाताने कालवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण अजून थोडं हवं आणि आता पुरे, एवढं दोघींना नीट समजत होतं.

२. नान-खलिया भट्टीपाशीच खावा.

मंडपातल्या स्टॉलवर येईपर्यंत नान गार होतो आणि निम्मी गंमत जाते. हळद-गुळाचं पाणी लावलेला तो पिवळा, जाड नान तंदूरमधून निघतो तेव्हा त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. शेजारी मटणाचा खलिया, वर लाल तर्री. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा सैन्याच्या मुदपाकखान्याबरोबर हा पदार्थ इकडे आला, असं जुने लोक सांगतात. राजधानी परत गेली, खलिया राहिला. देवाणघेवाण म्हणजे काय, हे पाहुण्याला समजावण्यासाठी मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

३. हे शहरच बाहेरून आलेल्यांनी घडवलं, हे अभिमानाने सांगावं.

१६१० मध्ये इथे खडकी वसवणारा मलिक अंबर हबसाणातून गुलाम म्हणून आला होता. वेरूळ-अजिंठा महोत्सव जिथे रंगतो तो सोनेरी महाल एका बुंदेल्या सरदाराचा. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाचे आजोबा काश्मीरहून आले. आज त्याच शार्ङ्गदेवाच्या नावाने महागामी गुरुकुल समारोह करतं, आणि मराठवाड्यातल्या मुली तिथे ओडिशी शिकतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचं छत पाहुण्याला जरूर दाखवावं. परदेशी टोप्या घातलेली, पेले हातात घेतलेली माणसं तिथे दीड हजार वर्षं बसून आहेत.

४. विणकराला मंचाजवळ जागा द्यावी.

हे मला फार आतून वाटतं. गायक-नर्तकांवर प्रकाश पडतो, टाळ्या होतात. हिमरू विणणारा कोपऱ्यात शाली मांडून बसतो आणि लोक त्याच्याशी फक्त भावाबद्दल बोलतात. सुती ताणा, रेशमी बाणा, इराणी वेलबुट्टीशेजारी अजिंठ्याची कमळं, हे सारं ज्याच्या हातांत आहे त्याला कोणी काही विचारत नाही. हातमागावर हिमरू विणणारे आता थोडेच उरलेत. म्हणून पाहुण्यांना मी दुकानात नेत नाही, मागावर नेतो.

नेदरलँड्सची एक व्हायोलिनवादक अशीच आली होती. खड्ड्यातल्या मागावर बसलेल्या चाचांचे पाय खाली चालत होते, हात वर. ती डोळे मिटून नुसती ऐकत राहिली. थोड्या वेळाने तिने बोटांनी गुडघ्यावर तोच ठेका धरला. चाचांच्या ते लक्षात आलं. ते बाजूला सरकले, तिला खड्ड्याच्या काठावर बसवलं आणि धोटा तिच्या हातात दिला. तिचा पहिला धागा सैल पडला. चाचांनी तो उसवला नाही. फणी ठोकून घट्ट बसवला आणि पुढचा धागा टाकायची खूण केली.