ठाण्याची तळी, पायी पायी

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, पण बाहेरून येणाऱ्याला बहुधा एकच तलाव ठाऊक असतो: तलावपाळीचा मासुंदा. संध्याकाळी तिथे होड्या, भेळवाले आणि उभं राहायला जागा नाही. पाखरं पाहायची तर रविवारी उजाडता उजाडता ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरावं. तिथून मासुंदा चालत जाण्याजोगा आहे. कौपिनेश्वराचं देऊळ आणि गडकरी रंगायतन त्याच्याच काठावर.

तलावाला झपाझप फेऱ्या मारणाऱ्यांना काहीच दिसत नाही. कठड्याशी एके जागी दहा मिनिटं तरी थांबावं. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते खाऊ मागत नसतात. रात्रभर शेवाळ आणि जलचर पाण्यातला प्राणवायू वापरतात, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. अशा पाण्यात पाव टाकणं हे पुण्य नव्हे. तो कुजतो आणि उरलासुरला प्राणवायूही खातो.

काठच्या दगडावर मातकट रंगाची ढोकरी अशी बसते की समोर असून दिसत नाही. उडाली की एकदम पांढरीशुभ्र! पांढरे पंख मिटल्यावर तपकिरी पाठीखाली झाकले जातात, एवढंच. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, तिची पाठ गडद लालसर होते. पंख पसरून बसलेला पाणकावळाही ऐटीत नसतो, ओला असतो. त्याची पिसं पाणी शोषतात; बुडी मारायला ते सोयीचं, पण नंतर वाळवत बसावं लागतं.

तिथून पाचपाखाडीतला कचराळी तलाव गाठावा. महापालिका मुख्यालयाजवळचा हा तलाव म्हणजे चालायला येणाऱ्यांचा अड्डा. इथे कोपऱ्यातल्या झाडांकडे लक्ष ठेवावं. खंड्या दिसण्याआधी बहुधा त्याचा कर्कश आवाज येतो.

उपवन मात्र लांब आहे, रिक्षा करावी. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असल्यामुळे तलावाबरोबर रानातली पाखरंही पदरात पडतात. पावसाळा सरता सरता इथे चतुर आणि टाचण्या पाहाव्यात. बसल्यावर पंख आडवे पसरलेले ठेवतो तो चतुर. बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. दोघांचीही पिल्लं पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात. येऊर राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, त्यामुळे पुढे जंगलात शिरायचं तर वनखात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत.

सोबत पाण्याची बाटली, टोपी आणि असेल तर दुर्बीण पुरे. परतताना तहसील कार्यालयाजवळची मामलेदार मिसळ ठरलेलीच. पहिल्यांदा जाणाऱ्याने ‘तिखट’ मागवू नये. आणि एकाच तलावापुरता वेळ असेल तर बाकीचे सोडून सरळ उपवन गाठावं.